हिब्रू शास्त्रातली देवाची नावं: नाव कोणतं, बिरुद कोणतं आणि वाचायचं कसं

प्रश्न असा आहे: बायबलच्या जुन्या करारात देवाला कुठे 'देव', कुठे 'परमेश्वर', कुठे 'प्रभू', तर कुठे 'सर्वसमर्थ' म्हटलंय. मूळ हिब्रूत ही खरोखर वेगळी नावं आहेत का? ती एकाच देवाची का? आणि लेखक ती ठरवून वापरतो की जे सुचेल ते लिहितो?

थोडक्यात सांगायचं तर व्यक्तिनाम एकच आहे, चार व्यंजनांचं: य-ह-व-ह. बाकी जवळजवळ सगळी पदं, बिरुदं किंवा साधी सामान्यनामं आहेत. एखाद्या ओळीत यांपैकी काय आलंय याचा उलगडा शब्दाच्या व्युत्पत्तीवरून क्वचितच होतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, पुस्तक कोणतं आणि ते मागाहून कोणाच्या हातून गेलं, हे पाहिलं की बराच होतो. नावांचे गूढार्थ काढत बसणं हा या विषयातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी कामाचा उद्योग आहे.

नाव आणि पद वेगळं कसं काढायचं याची कसोटी व्याकरणात आहे. हिब्रूत सामान्यनामाला 'हा-' हे उपपद लागतं आणि 'माझा, तुझा, आमचा' सांगणारे प्रत्यय लागतात. 'एलोहीम'ला हे सगळं लागतं: हाएलोहीम, एलोहाय (माझा देव), एलोहेखा (तुझा देव), एलोहेनू (आमचा देव). चतुरक्षरी नावाला यातलं काहीही लागत नाही. अनुवाद ६:४ (म्हणजे 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय, चौथा श्लोक) मधला 'शेमा', यहुद्यांची श्रद्धेची घोषणा, घ्या. तिथली रचना अशी आहे: आधी नाव, मग 'एलोहेनू' हे पद, मग पुन्हा नाव आणि शेवटी 'एहाद', म्हणजे एक. नावालाच 'आमचा' लावून हे वाक्य हिब्रूत लिहिता येत नाही. याला अपवाद वाटावा अशी एकच जोडी शास्त्रात वारंवार येते, ती म्हणजे नावापुढे 'सेबाओथ' (सैन्यं). शास्त्राबाहेर मात्र सिनायमधल्या कुंतिल्लेत अजरूद इथे १९७५-७६ च्या उत्खननात इ.स.पू. ८०० च्या आसपासचे लेख मिळाले. त्यांत 'शोमरोनचा यहवह' आणि 'तेमानचा यहवह' असं चक्क जागेला जोडलेलं नाव आहे. लोक जे लिहीत होते आणि शास्त्रात जे टिकलं ते अगदी एकच नव्हतं, हे त्यावरून कळतं.

मराठी वाचकाचं एक बरं आहे. इंग्रजी भाषांतरं नाव आणि पद यांत फरक दाखवायला एकाच शब्दाची लहान-मोठी अक्षरं वापरतात आणि मोठ्याने वाचताना तो फरक पुसला जातो. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे भाषांतरकारांना वेगळे शब्दच घ्यावे लागले. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात चतुरक्षरी नावासाठी 'परमेश्वर', एलोहीमसाठी 'देव', अदोनायसाठी 'प्रभू', शद्दायसाठी 'सर्वसमर्थ', एल्योनसाठी 'परात्पर' आणि सेबाओथसाठी 'सेनाधीश' हे शब्द बहुतांशी नेमाने येतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात 'देव' आणि २:४ पासून 'परमेश्वर देव' दिसतो, तो भाषांतरकाराच्या लहरीने नाही, हिब्रूत तसंच आहे. म्हणजे हिब्रू न येणाऱ्यालाही पुढची बरीचशी उदाहरणं मराठी प्रतीत बोट ठेवून तपासता येतील.

आता एलोहीम. रूप अनेकवचनी, पण इस्राएलच्या देवाबद्दल असेल तेव्हा क्रियापद एकवचनी: उत्पत्ती १:१ मधलं 'बारा' (उत्पन्न केलं) हे एकवचन आहे. यावरून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण) सिद्ध करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण हेच अनेकवचनी रूप कमोश या मवाबी देवासाठी (शास्ते ११:२४) आणि अष्टोरेथ या सीदोनी देवीसाठी (१ राजे ११:३३) येतं आणि तिथे त्रैक्याचा प्रश्नच नाही. शब्दाचा आवाका मुळात मोठा आहे. एन-दोरच्या बाईला जमिनीतून वर येताना दिसलेला शमुवेलाचा आत्मा 'एलोहीम' आहे (१ शमुवेल २८:१३), आणि निर्गम ७:१ मध्ये मोशेला फारोपुढे 'एलोहीम' केलं आहे. माणसांच्या पातळीवरचं नाही ते, किंवा तसा अधिकार असलेलं ते, इतका सैल अर्थ धरला की ही सगळी ठिकाणं बसतात. क्रियापद अनेकवचनी होण्याचे काही अपवाद आहेत. उत्पत्ती २०:१३ मध्ये अब्राहाम परक्या राजाशी बोलताना 'एलोहीमांनी मला भटकायला लावलं' असं अनेकवचन वापरतो, आणि ३५:७ मध्येही तसंच आहे. मराठीत हे दिसत नाही.

'एल' हा शब्द याहून जुना आणि शेजाऱ्यांशी सामाईक. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा (जुनं उगारित) इथे १९२९ पासून ज्या मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यांत एल हा देवसभेचा म्हातारा प्रमुख आहे. उत्पत्तीत पूर्वजांच्या कथांमध्ये 'एल'ची नावं जागांना चिकटून येतात: हागारेच्या विहिरीपाशी एल रोई (१६:१३), बैर-शेब्यात एल ओलाम (२१:३३), बेथेलात एल बेथेल (३५:७), शालेमच्या मलकीसदेकाकडे एल एल्योन (१४:१८). स्थानिक उपासनास्थळांची ही जुनी नावं पुढे इस्राएलच्या एकाच देवाच्या खात्यात जमा झाली असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटतं. अनुवाद ३२:८-९ मध्ये या जमाखर्चाची एक खूण राहून गेली आहे. परात्पराने राष्ट्रांना वतनं वाटली तेव्हा सीमा ठरवल्या त्या, प्रचलित हिब्रू प्रतीनुसार, 'इस्राएलपुत्रांच्या संख्येप्रमाणे'. मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका गुंडाळीच्या तुकड्यात मात्र 'देवपुत्रांच्या' असा पाठ आहे, आणि ग्रीक भाषांतरात 'देवदूतांच्या'. देवसभेची आठवण एखाद्या लेखनिकाला खटकली आणि त्याने ती सौम्य केली, हेच सर्वांत सरळ स्पष्टीकरण.

शद्दाय शास्त्रात ४८ वेळा येतो, त्यातला ३१ वेळा एकट्या ईयोबात. 'सर्वसमर्थ' हा अर्थ ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांमार्फत आपल्याकडे आला. हिब्रूत तो सिद्ध होत नाही. अक्कडीतला 'शदू' म्हणजे डोंगर, हिब्रूतला 'शद' म्हणजे स्तन, 'शदाद' म्हणजे उद्ध्वस्त करणं, अशा तीन दिशांना ओढाताण चालते. यशया १३:६ मध्ये 'शोद मिशद्दाय' (शद्दायकडून विध्वंस) असा श्लेष आहे, पण श्लेष म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. शब्दाच्या मुळापेक्षा तो कोणाच्या तोंडी येतो हे जास्त बोलकं आहे. जॉर्डनमधल्या देर अल्ला इथे १९६७ मध्ये गिलाव्यावर शाईने लिहिलेला लेख सापडला. त्यात बौराचा मुलगा बलाम आहे आणि 'शद्दायीन' नावाच्या देवतांची सभा आहे. गणना २४:१६ मध्ये हाच बलाम एकाच श्लोकात एल, एल्योन आणि शद्दाय हे तिन्ही शब्द वापरतो. यार्देनेच्या पूर्वेकडच्या द्रष्ट्याच्या तोंडी तिकडचीच भाषा दिली आहे.

कोणाच्या तोंडी काय, हे ईयोबात फार स्वच्छ दिसतं. प्रस्तावना, उपसंहार आणि वावटळीतून बोलणाऱ्या देवाची ओळख करून देणाऱ्या ओळी, या निवेदकाच्या भागांत चतुरक्षरी नाव आहे. मधल्या प्रदीर्घ वादात ईयोब आणि त्याचे मित्र एल, एलोआह (एलोहीमचं एकवचनी रूप), शद्दाय म्हणतात. ही माणसं ऊस, तेमान अशा इस्राएलबाहेरच्या मुलखांतली. लेखकाला इस्राएली नाव माहीत आहे, पण वादात पात्रांच्या तोंडी तो ते घालत नाही. वादात नाव येतं ते १२:९ ला, आणि तिथेही काही हस्तलिखितांत एलोआह आहे. लेखनिकाचा हात सवयीने परिचित शब्दाकडे वळला असावा.

पण 'परका असेल तर एलोहीम, इस्राएली असेल तर यहवह' असा पक्का नियम करू नका. बलामच मवाबी राजा बालाकाच्या सरदारांना यहवहचं नाव घेऊन उत्तर देतो, आणि यरीहोची राहाबही. रूथचं उदाहरण सर्वांत सूक्ष्म आहे. १:१६ मध्ये ती सासूला, नामीला, 'तुझा एलोहीम तो माझा एलोहीम' म्हणते आणि लगेच १:१७ मध्ये शपथ घेते ती यहवहची. पद बदलण्याची घोषणा एका श्लोकात आणि नाव उच्चारून केलेली अंमलबजावणी पुढच्या श्लोकात. चार ओळींनी पुढे नामी गावातल्या बायकांशी बोलते तेव्हा शद्दाय, यहवह, यहवह, शद्दाय अशी मांडणी आहे (१:२०-२१). इथे अर्थभेद शोधू नये. हे हिब्रू काव्याचं समांतर चरणांचं गणित आहे.

योनाच्या पुस्तकात लेखक किती मोजून शब्द टाकतो ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या अध्यायात खलाशी 'आपापल्या देवाला' हाका मारतात. १:९ ला योना त्यांना नाव सांगतो, आणि १:१४ ला तेच खलाशी त्या नावाने प्रार्थना करतात. निनवेकरांना त्याने नाव सांगितलेलंच नाही. त्याचा तिथला उपदेश हिब्रूत फक्त पाच शब्दांचा आहे (३:४) आणि त्यात देवाचा उल्लेखही नाही. म्हणून निनवेकर ३:५ पासून एलोहीमवर विश्वास ठेवतात, एलोहीमचा धावा करतात, आणि ३:१० ला अनुताप पावतो तोही एलोहीम. मग चौथा अध्याय. 'वयेमान' (त्याने नेमलं, योजलं) हे एकच क्रियापद पुस्तकात चारदा येतं. मासा नेमतो यहवह (१:१७), सावली देणारा वेल नेमतो यहवह-एलोहीम (४:६), वेल कुरतडणारा किडा हाएलोहीम (४:७), आणि झळा मारणारा पूर्वेचा वारा एलोहीम (४:८). वाचवण्याकडून पोळण्याकडे कथा सरकते तसं नाव मागे पडून पद पुढे येतं.

रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, परंपरेत यावरच आधारलेला प्रसिद्ध ठोकताळा आहे: चतुरक्षरी नाव म्हणजे दया, एलोहीम म्हणजे न्याय. योनाला तो सुंदर लागू पडतो. पण सदोमवर गंधक आणि अग्नी पाडणारा यहवह आहे (उत्पत्ती १९:२४), आणि त्याच प्रसंगी अब्राहामाची आठवण ठेवून लोटाला वाचवणारा एलोहीम (१९:२९). जलप्रलयात नोहाची आठवण ठेवणाराही एलोहीमच (८:१). प्रवचनाला हा ठोकताळा चालेल, ग्रंथाची चिकित्सा करायला पुरणार नाही.

उत्पत्तीबाबत वेगळी चावी लागते. फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुक यांनी १७५३ मध्ये निनावी पुस्तक काढून दाखवलं की नावांनुसार उतारे वेगळे काढले तर दोन सलग कथा हाती येतात. १९ व्या शतकात जर्मन अभ्यासक वेलहाउझेनपर्यंत यातूनच स्रोतांचा सिद्धांत, म्हणजे ही पुस्तकं वेगवेगळ्या लेखनांतून जोडली गेली हे मत, उभा राहिला. जलप्रलय याचं ठरलेलं उदाहरण: ६:१९-२२ मध्ये एलोहीम प्रत्येक जातीची एक जोडी सांगतो, ७:१-५ मध्ये यहवह शुद्ध पशूंच्या सात-सात. ७:१६ मध्ये तर शिवण उघडी दिसते: 'एलोहीमने आज्ञा केल्याप्रमाणे' प्राणी आत गेले, आणि लगेच 'यहवहने त्याला आत बंद केलं'. यामागचं कारण निर्गम ६:३ मध्ये आहे. तिथे देव मोशेला सांगतो की पूर्वजांना मी एल शद्दाय म्हणून दिसलो, माझ्या नावाने त्यांना ज्ञात नव्हतो. उत्पत्ती ४:२६ मात्र अनोशाच्या काळीच लोक या नावाने धावा करू लागले असं म्हणते. एका परंपरेने नाव मोशेपर्यंत राखून ठेवलं, दुसरीने पहिल्यापासून वापरलं.

या पद्धतीत चुका दोन ठिकाणी होतात. एक, निर्गम ६ नंतर सगळ्याच परंपरा चतुरक्षरी नाव मोकळेपणाने वापरतात, त्यामुळे पुढे नावावरून स्रोत ठरवणं व्यर्थ. दुसरी, एकट्या नावावर भिस्त ठेवली तर ७:९ सारख्या जागी (वर्णन एका स्रोताचं, नाव दुसऱ्याचं) कोसळायला होतं, आणि ग्रीक भाषांतरात उत्पत्तीतली नावं कित्येकदा हिब्रूहून वेगळी आहेत. शब्दसंग्रह, वंशावळींची धाटणी, पुनरुक्ती यांचा आधार जोडीला हवाच. शिवाय सगळं स्रोतांवर ढकलूही नये. उत्पत्ती ३ मध्ये निवेदक सतत 'यहवह एलोहीम' म्हणतो, पण साप आणि स्त्री यांच्या संभाषणात (३:१-५) नुसता एलोहीम आहे. इथे स्रोत बदललेला नाही. सापाच्या तोंडी नाव द्यायचं नाही, एवढंच.

मागाहून झालेल्या संपादनाचा नमुना पाहायचा असेल तर स्तोत्र १४ आणि ५३ शेजारी ठेवा. स्तोत्र जवळजवळ तेच. १४:२ मध्ये 'परमेश्वर' स्वर्गातून खाली पाहतो, ५३:२ मध्ये 'देव'. चौथ्या आणि शेवटच्या श्लोकातही तोच बदल. स्तोत्रं ४२ ते ८३ या पट्ट्यात एलोहीम सुमारे २०० वेळा आणि यहवह ४० ते ४५ वेळा येतो. त्याआधीच्या ४१ स्तोत्रांत प्रमाण नेमकं उलटं, यहवह अडीचशेहून अधिक. कोणीतरी हा संग्रह घेऊन नावाच्या जागी पद घातलं आहे, आणि ते बहुधा यांत्रिकपणे. स्तोत्र ५०:७ मध्ये 'एलोहीम, तुझा एलोहीम, मी आहे' असं अडखळतं वाक्य त्यामुळेच तयार झालं. दहा आज्ञांच्या आरंभी (निर्गम २०:२) हेच वाक्य 'मी यहवह, तुझा एलोहीम' असं सरळ आहे. असंच शमुवेल आणि इतिहास यांच्यात दिसतं: २ शमुवेल ५:१९ मध्ये दावीद यहवहला कौल लावतो, १ इतिहास १४:१० मध्ये एलोहीमला. हेतू काय होता यावर मतं अनेक आहेत, पण नाव कमी उच्चारण्याकडे कल वाढत चालला होता हे त्यामागे असावं. उपदेशक या पुस्तकात हे नाव एकदाही नाही, दानीएलात फक्त नवव्या अध्यायात आहे, आणि एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात तर नावही नाही आणि पदही नाही.

काही पुस्तकांच्या सवयी पाठ असलेल्या बऱ्या. 'सेनाधीश' हे बिरुद पंचग्रंथात (उत्पत्ती ते अनुवाद ही पहिली पाच पुस्तकं) कुठेच नाही, पहिल्यांदा येतं १ शमुवेल १:३ ला, शिलोच्या संदर्भात. मलाखीच्या चार छोट्या अध्यायांत ते २० हून अधिक वेळा आहे, आणि यहेज्केलाच्या ४८ अध्यायांत शून्य. तिथे त्याऐवजी 'अदोनाय यहवह' ही जोडी २०० हून अधिक वेळा येते. 'इस्राएलचा पवित्र' हे यशयाचं खास. सायरसच्या फर्मानापासून (एज्रा १:२) इराणी काळातल्या लेखनात 'स्वर्गीचा देव' रुळतो, कारण दरबाराला कळेल असं ते पद होतं.

बआल हा शब्दही मुळात पदच, 'धनी' किंवा 'नवरा'. एके काळी तो इस्राएलच्या देवालाही चालत असे. १ इतिहास १२:५ मध्ये दावीदाच्या एका माणसाचं नाव 'बआल-याह' आहे, म्हणजे 'याह हाच धनी'. होशेय २:१६ मध्ये देव सांगतो की यापुढे मला 'बआली' म्हणू नकोस. त्यानंतरच्या लेखनिकांनी माणसांची नावंही सोवळी केली. शौलाचा मुलगा १ इतिहास ८:३३ मध्ये एश्बाल, तर २ शमुवेल २:८ मध्ये ईश-बोशेथ, आणि 'बोशेथ' म्हणजे लाज. गिदोनाचं यरुब्बाल हे नाव २ शमुवेल ११:२१ मध्ये असंच बदललेलं सापडतं.

आता उच्चार. हिब्रू मुळात व्यंजनांत लिहीत. स्वरचिन्हं इ.स. ७ व्या ते १० व्या शतकांत तिबिरियाच्या मसोरा पंडितांनी, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, घातली. तोपर्यंत हे नाव उच्चारणं कधीच थांबलं होतं. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या योमा भागात (६:२) वर्णन आहे की प्रायश्चित्ताच्या दिवशी मंदिरात महायाजकाच्या तोंडून नाव ऐकताच लोक साष्टांग पडत. इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं आणि तो प्रसंगही गेला. आपल्याकडे नवऱ्याचं नाव न घेता 'अहो' म्हणणाऱ्या बायकांना ते नाव ठाऊक असे, आणि उखाण्यात घेण्याची मुभाही असे. तसं काहीसं हे. वाचताना नावाच्या जागी 'अदोनाय' म्हणायचं, आणि मसोरा पंडितांनी याची आठवण म्हणून चार व्यंजनांभोवती 'अदोनाय'चे स्वर घातले. यहुदी सभास्थानात, मग ते जेरुसलेममधलं असो की अलिबागकडच्या बेने इस्रायलांचं, शेमा 'अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद' असाच ऐकू येतो.

हे स्वर उसने आहेत याचा पुरावा छापील हिब्रू पानावरच आहे. 'पासून' या अर्थाचा उपसर्ग सहसा 'मि-' असतो. पण पुढे आलेफसारखं कंठ्य अक्षर असेल तर 'मे-' होतो. चतुरक्षरी नाव 'य'ने सुरू होतं, तरी त्याआधी 'मे-' असंच छापलेलं असतं, कारण वाचणारा 'मे-अदोनाय' म्हणणार आहे. दुसरा पुरावा असा की जिथे मजकुरातच 'अदोनाय' शेजारी आहे, तिथे दोनदा 'अदोनाय' होऊ नये म्हणून नावाला 'एलोहीम'चे स्वर देतात. एकाच शब्दाला दोन जागी दोन स्वरसंच, म्हणजे त्यातला एकही त्याचा स्वतःचा नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांनी हे न ओळखता व्यंजनं आणि स्वर एकत्र वाचले, आणि 'यहोवा' हे रूप जन्माला आलं. इंग्रजी बायबलात ते भाषांतरकार टिंडलने १५३० मध्ये आणलं. मूळ उच्चार 'याहवे'च्या जवळचा असावा हे अनुमान आहे, पण भक्कम आहे. पाचव्या शतकातल्या थिओडोरेट या ख्रिस्ती बिशपने शोमरोनी लोकांचा उच्चार ग्रीक लिपीत 'याबे' असा नोंदवला आहे. यहुदी संवेदनांचा मान राखून व्हॅटिकनने २००८ मध्ये कॅथलिक उपासनेत हा उच्चार न करण्याची सूचना दिली.

नाव मजकुरात जपण्याच्या तऱ्हाही पाहण्यासारख्या. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत सगळा मजकूर चौकोनी हिब्रू अक्षरांत आणि नाव तेवढं जुन्या लिपीत, असं हबक्कूकाच्या भाष्यात आढळतं. काही ठिकाणी नुसते चार ठिपके आहेत. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मध्येच हिब्रू अक्षरं येत, आणि ग्रीक वाचक ती डावीकडून 'पिपि' अशी वाचत, हे लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम याने लिहून ठेवलं आहे. आजही यहुदी लेखनात १५ आणि १६ हे आकडे '१०+५', '१०+६' असे न लिहिता '९+६', '९+७' असे लिहितात, कारण पहिल्या रीतीने नावाची अक्षरं तयार होतात. माणसांच्या नावांतून मात्र ते राजरोस वावरतं. मराठी प्रतीत यशया, यिर्मया, जखऱ्या, नहेम्या, ओबद्या यांच्या शेवटचा 'या' म्हणजे याह, आणि यहोशवा, योनाथान, योएल यांचा आरंभही त्याचाच. योना मात्र यात नाही, तो शब्द पारव्याचा.

'देवाची सोळा नावं' छापाच्या याद्यांबद्दल सावध राहावं. 'यहोवा यिरे' हे उत्पत्ती २२:१४ मध्ये एका जागेचं नाव आहे. 'यहोवा निस्सी' (निर्गम १७:१५) आणि 'यहोवा शालोम' (शास्ते ६:२४) ही वेद्यांची नावं, 'यहोवा शम्मा' (यहेज्केल ४८:३५) नगराचं. 'यहोवा सिदकेनू' यिर्मया २३:६ मध्ये येणाऱ्या राजाचं आहे आणि ३३:१६ मध्ये चक्क यरुशलेमेचं. निर्गम १५:२६ मधलं 'रोफे' तर नावच नाही, 'मी तुला बरं करणारा यहवह आहे' असं वाक्य आहे. गाण्यात म्हणायला हरकत नाही, पण हिब्रू लेखकांनी ही देवाची नावं म्हणून योजली असं म्हणता येत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर एक पुस्तक घ्या, प्रत्येक उल्लेखापुढे तीन रकाने करा: शब्द, बोलणारा, ऐकणारा. योना सुरुवातीला उत्तम, चारच अध्याय आहेत. मग रूथ. उत्पत्ती पहिल्याच दिवशी घेऊ नये. हिब्रू प्रत जोडीला ठेवलीत तर क्रमांक जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. स्तोत्रांचं शीर्षक हिब्रूत बहुधा श्लोक म्हणून मोजतात, म्हणून मराठीतलं ५३:२ तिथे ५३:३ असतं, आणि योना १:१७ तिथे २:१ होतं. स्ट्राँगच्या क्रमांकांनी (बायबलच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा) शोधत असाल तर एलोहीम ४३०, एल ४१०, एलोआह ४३३, अदोनाय १३६, शद्दाय ७७०६, एल्योन ५९४५ आणि याह ३०५०. चतुरक्षरी नावाला मात्र दोन क्रमांक आहेत: 'अदोनाय' वाचायचं ते ३०६८ आणि 'एलोहीम' वाचायचं ते ३०६९. एकूण आकडा ६,८०० च्या आसपास यायला हवा. त्याऐवजी ६,५०० सारखा काही आला, तर दुसरा क्रमांक राहून गेलाय आणि यहेज्केलातली 'अदोनाय यहवह'ची ठिकाणं यादीतून गळली आहेत असं समजा.